तक्त्यात न मावणारं लाकूड

लेझर मशीन घेतलं की त्याच्यासोबत एक तक्ता येतो. डावीकडे मालाचं नाव, मग जाडी, मग पॉवर आणि स्पीड. '3 मिमी प्लाय', '5 मिमी एमडीएफ', '2 मिमी अ‍ॅक्रिलिक'. भिवंडीतल्या अनेक गाळ्यांत हा तक्ता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या झाकणाला चिकटवलेला दिसतो, आणि त्यातले दोन-चार आकडे कुणीतरी पेनाने खोडून शेजारी नवे लिहिलेले असतात. हे पुस्तक त्या खोडलेल्या आकड्यांबद्दल आहे.

आकडे का खोडावे लागतात, हे मला एका श्रावणात कळलं. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या आराशीचा धंदा पुठ्ठा, प्लाय आणि एमडीएफकडे वळू लागला. थर्माकोल आम्ही गरम तारेने कापायचो. तो इथून तिथून सारखा. त्याला ना गाठ, ना रेषा, ना ऋतू. लेझरवर मखरं कापायला घेतली तेव्हा मी प्लायलाही तसंच धरलं होतं. मे महिन्यात नमुना कापला: 3 मिमीचा प्लाय, 80 वॉटची ट्यूब, सेकंदाला 20 मिमी वेग. महिरपीची जाळी कापून झाली की आतले तुकडे आपोआप खाली गळून पडायचे. गिऱ्हाईक खूश, आगाऊ रक्कम हातात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीच फाइल लावली. मशीन तेच, लेन्स तीच, प्लाय त्याच वखारीतला. तुकडे पडेनात. मशीन चालवणाऱ्या पोराने पॉवर वाढवली, तर कडा काळ्या झाल्या. देवाच्या मखराला काळी कड कोण घेणार? नखाने उचकटायला गेलो, तर जाळीचे नाजूक देठ तुटले. आरसे तपासले, लेन्स पुसली, मेकॅनिक बोलावला. त्याने ट्यूब उतरली म्हणून सांगितलं आणि नव्या ट्यूबची किंमत कागदावर लिहून दिली.

संध्याकाळी वडील गाळ्यात आले. त्यांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. गाळाही मुळात मागांचाच; माग विकले आणि त्याच शेडमध्ये मी लेझर बसवलं. त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीला टेकवलेल्या प्लायच्या थप्पीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "अरे, हा माल ओला आहे. पावसाळ्यात सूत असंच गार लागतं हाताला."

मला ते पटलं नाही, म्हणून एका पट्टीचं वजन करून पाहिलं. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर पट्टी 56.5 ग्रॅम भरली. रात्रभर ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर ठेवली आणि सकाळी पुन्हा तोलली, तर 49 ग्रॅम. साडेसात ग्रॅम पाणी उडून गेलं होतं. सुक्या वजनाशी हिशोब केला, तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर. उरलेला माल पोटमाळ्यावरच्या बंद खोलीत, प्रत्येक दोन शीटमध्ये पट्ट्या घालून, ओल शोषणारं यंत्र लावून चार दिवस ठेवला. पाचव्या दिवशी मे महिन्याच्याच आकड्यांवर बहुतेक तुकडे पडू लागले. ट्यूब बदलावी लागली नाही.

'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम वापरला. काही तुकडे तरीही अडत होते. त्यांचं कारण वेगळं होतं. ते पुढे येईल.

वडिलांना लाकूड कळत होतं, याचं नवल वाटायला नको. मागाचा धोटा लाकडाचा असतो. मिनिटाला शंभराहून जास्त वेळा तो या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. तो हलका असून चालत नाही, खरखरीत असून चालत नाही, आणि ओल लागून वाकला तर मागावरून उडून माणसाला लागतो. भिवंडीच्या मागवाल्याने धोट्याचं लाकूड हातात तोलूनच घेतलं. एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. ज्या दमट हवेने माझी मखरं अडवली, तीच हवा या गावाच्या पोटापाण्याला उपयोगी पडली होती. सुती धागा ओलसर हवेत जास्त ताण सोसतो. कोरड्या हवेत तो तटातट तुटतो. पावसाळ्यात ताणा कमी तुटतो म्हणून वडील खुशीत असायचे. त्याच शेडमध्ये, त्याच दिवसांत, मी कपाळाला हात लावून बसलो होतो. सुताला जे पाणी बळ देतं, ते लेझरला आधी उकळून बाहेर काढावं लागतं.

या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे: कापाचा दर्जा आणि कापाचा वेग या दोन्ही गोष्टी मशीनच्या पडद्यावर ठरण्याआधी वखारीत ठरतात. मशीनचे आकडे म्हणजे आपण लाकडाला दिलेलं उत्तर असतं. लाकडाने काय विचारलंय ते कळलं नाही, तर दुसऱ्याचं उत्तर उतरवून काही साधत नाही.

*

लाकूड कापणारा लेझर कुठून आला, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवं, कारण त्याचा धागा बारामतीपर्यंत येतो. 1960 साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला. त्यानंतर चार वर्षांनी, 1964मध्ये, बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर बनवला. पटेलांचा जन्म 1938चा, बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवी त्यांनी पुण्यात घेतली आणि मग ते स्टॅनफर्डला गेले. आज भिवंडी असो की बारामती, प्लाय कापणाऱ्या मशीनमधली काचेची लांब नळी त्यांच्याच शोधाची वंशज आहे.

या लेझरची लहर 10.6 मायक्रॉनची असते. डोळ्याला ती दिसत नाही; मात्र लाकडाला ती पुरेपूर पचते. पांढरा प्लाय असो की काळपट शिसव, रंगाने फारसा फरक पडत नाही. आलेला बहुतेक सगळा किरण वरच्या पातळ थरातच जिरतो. लोखंड कापणाऱ्या फायबर लेझरची लहर हिच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते आणि ती लाकडावर नीट चालत नाही. 'आपल्याकडे मोठं फायबर मशीन आहे, प्लाय त्याच्यावरच काढू' असं कुणी म्हणालं, तर त्याला नमस्कार करून पुढे जावं.

किरण जिरला की पुढे काय होतं, ते अ‍ॅक्रिलिक आणि लाकूड शेजारी ठेवलं की कळतं. अ‍ॅक्रिलिक वितळतं, त्याची वाफ होते, आणि कड काचेसारखी चमकते. लाकूड वितळत नाही. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन हे त्याचे तीन मुख्य घटक. हेमिसेल्युलोज दोनशे अंशांच्या पुढे फुटायला लागतं, सेल्युलोज तीनशेच्या पुढे, आणि लिग्निन सगळ्यांत चिवट: ते हळूहळू विघटित होतं आणि मागे जास्त कोळसा ठेवतं. म्हणजे लाकडाच्या कापाला थोडाफार काळेपणा असणारच. कारागिराच्या हातात एवढंच असतं की तो काळेपणा केसाएवढा राहतो की बोटाला काजळी लावण्याइतका होतो.

त्याचा हिशोब सोपा आहे. 80 वॉट म्हणजे सेकंदाला 80 जूल उष्णता. सेकंदाला 20 मिमी वेगाने गेलो, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला 4 जूल येतात. वेग निम्मा केला की 8 जूल. त्यातले कापायला जेवढे लागतात तेवढे लागतात. उरलेले कड जाळण्यात जातात. म्हणून 'कापत नाही, हळू चालव' हा सल्ला अर्धाच खरा आहे. का कापत नाही, हे आधी विचारायला हवं. याची उत्तरं लाकडात साधारण पाच ठिकाणी सापडतात.

पहिलं उत्तर घनतेत. किरणाचं काम कापाच्या रेषेतला माल उडवून लावणं. माल जितका जास्त, तितकं काम जास्त. सुकलेल्या काटेसावरीचं लाकूड घनमीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास, सागाचं साधारण साडेसहाशे, शिसव आठशेच्या पुढे, आणि खैर हजाराच्या घरात. खैराचा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगावं की बुडावं या पेचात पडतो. झाडागणिक आकडे पुढेमागे होतात, पण क्रम हाच. प्लायमध्ये हा फरक लपून बसतो. आठ बाय चारच्या 3 मिमी शीटचं वजन करा. एखादी साडेचार किलो भरेल, एखादी सहा किलो. आतले थर पॉप्लरचे असतील तर हलकी, निलगिरीचे असतील तर जड. तक्ता दोघींनाही '3 मिमी प्लाय' म्हणतो. त्यात जाडीही व्हर्नियरने मोजली तर 2.7 निघते, कधी 3.2. टेम्पोतून माल उतरला की एक शीट काट्यावर ठेवायची, एवढी एक सवय लागली तरी या पुस्तकाची किंमत वसूल झाली असं मी समजेन.

दुसरं उत्तर ओलाव्यात. त्याची कहाणी वर आलीच. लाकूड कापलं, मुरवलं, तरी ते हवेशी देवाणघेवाण करतच राहतं. एप्रिलच्या हवेत आमच्याकडचं लाकूड अकरा-बारा टक्क्यांवर स्थिरावतं. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे राहिली की तेच लाकूड सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत चढतं. एका 3 मिमी शीटच्या हिशोबाने हे जवळजवळ पाव लिटर जास्तीचं पाणी झालं. एक किलो पाण्याची वाफ करायला 2,260 किलोजूल उष्णता लागते. तेवढी उष्णता लाकूड कापायच्या कामातून वजा होते. वर ती वाफ तंतूंमधून फुटून बाहेर पडते आणि कड कुरतडल्यासारखी दिसते. उलट लाकूड पार कोरडं ठणठणीत झालं, तरी चांगलं नाही. ते लवकर भडकतं. आठ ते बारा टक्के ही सोयीची पट्टी. आमची पंचाईत अशी की मखरांची सगळी कामं नेमकी त्या दिवसांत येतात, जेव्हा लाकूड सर्वांत जास्त पाणी प्यायलेलं असतं. धंद्याचं पंचांग आणि हवेचं पंचांग एकमेकांविरुद्ध चालतं. म्हणून मखराचा प्लाय मे महिन्यातच घेऊन, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, जमिनीपासून वर ठेवावा. पैसे तीन महिने अडकतात, खरं आहे. पण वाया गेलेली जाळी भंगारवालासुद्धा नेत नाही.

तिसरं उत्तर रेषेत आणि कड्यांत. चीड किंवा देवदाराच्या फळीवर हलक्या-गडद पट्ट्या दिसतात. हलकी पट्टी झाड जोमाने वाढताना तयार झालेली, म्हणून पोकळ. गडद पट्टी नंतरची, म्हणून घट्ट. तिच्यावर अक्षर कोरलं, तर पोकळ भाग खोल जातो आणि घट्ट भाग वर राहतो. नांगरलेल्या शेतासारख्या सऱ्या पडतात. नावाची पाटी करायची असेल, तर एकसारख्या, बारीक छिद्रांचं लाकूड घ्यावं. शिवाय उष्णता रेषेच्या दिशेने आडव्यापेक्षा साधारण दुपटीने पसरते, त्यामुळे रेषेला आडवा काप घेतला की काळेपणा तंतूंच्या तोंडातून थोडा आत शिरतो. गाठ तर या सगळ्याचं गाठोडंच: घट्ट, राळेने भरलेली, रेषा फिरवून टाकणारी. फाइल शीटवर मांडतानाच गाठ टाळावी. नंतर पॉवर वाढवून तिला जिंकता येत नाही.

चौथं उत्तर राळ, तेल आणि खनिजांत. इथे सागाची गोष्ट सांगायला हवी. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. सुताराची पटाशी आणि करवतीचे दात सागावर लवकर बोथट होतात ते त्यामुळे. लेझरला दातच नाहीत, म्हणून या वाळूशी त्याचं भांडण नाही. पण सागाचं तेल, ज्याच्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, ते मात्र धूर आणि काजळी करतं. म्हणजे सुताराला नडणारा गुण लेझरला नडत नाही, आणि सुताराला आवडणारा गुण लेझरला नडतो. हत्यार बदललं की लाकडाचा स्वभाव बदलत नाही. त्यातलं आपल्याला काय नडणार, ते बदलतं.

पाचवं उत्तर गोंदात, आणि भिवंडीत सगळ्यांत जास्त माल याच कारणाने वाया जातो. आपण ज्याला लाकूड म्हणून कापतो ते बहुतेक वेळा लाकूड आणि गोंद यांची वडी असते. साध्या प्लायला, म्हणजे आयएस 303च्या एमआर प्रतीला, सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. मरीन प्लायला, आयएस 710ला, फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा. तो उकळत्या पाण्यात सुटत नाही, आणि लेझरलाही सहज वाट देत नाही. त्याचा कोळसा होतो, कापात काळी रेघ राहते, तळचा थर चिकटून राहतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "माल एक नंबर पाहिजे, मरीनच लावा." मोरीच्या दारासाठी त्याचं बरोबर आहे. नाजूक जाळीसाठी ज्यादा पैसे मोजून वाईट काप विकत घेतला जातो. अशा वेळी गिऱ्हाइकाला समजावणं हे पॉवर-स्पीड लावण्याइतकंच कामाचं कसब आहे.

एमडीएफचा प्रश्न निराळा. त्यात रेषा नाही, गाठ नाही, म्हणून काप सगळीकडे सारखा येतो. नवशिक्याला तो आवडतो. पण लाकडाच्या भुग्याइतक्या बारीक तंतूंना राळेने बांधून, दाबून तो बनवतात. वरचा आणि खालचा पापुद्रा घट्ट, मधला भाग सैल. त्याचा तपकिरी, चिकट धूर लेन्सवर बसतो. मळलेली लेन्स स्वतःच किरण शोषून तापते आणि एक दिवस तडकते. एमडीएफ कापणाऱ्याने दिवसातून किती वेळा लेन्स पुसायची, हे धूर ओढणारा पंखा किती चांगला आहे त्यावर ठरतं.

*

आता ते अडलेले तुकडे. ओल काढल्यावरही माझ्या शीटमध्ये हाताच्या पंजाएवढे काही भाग न कापता राहत होते. दोष मशीनचा की मालाचा, हे ओळखायची एक युक्ती मी त्या आठवड्यात शिकलो. शीट जागच्या जागी उलट फिरवायची. डोक्याची बाजू पायाकडे. मग तीच फाइल पुन्हा चालवायची. न कापलेला भाग टेबलाच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर आरसे सरकलेत किंवा टेबल एका बाजूला खाली गेलंय: दोष मशीनचा. तो भाग शीटसोबत फिरून दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तर दोष मालाचा. माझ्या शीटमध्ये तो शीटसोबत फिरला. तिथे प्लाय चिरून पाहिला. आतल्या थरात दोन पट्ट्यांमध्ये फट होती आणि ती गोंदाच्या लगद्याने बुजवलेली होती. वरून हात फिरवला तर काही कळत नव्हतं. उन्हासमोर धरल्यावर काळसर ढग दिसला. 3 मिमी प्लाय जोरदार उजेडासमोर धरला की आतलं बरंचसं दिसतं. वखारीत शीट निवडताना मोबाइलचा टॉर्च मागून धरायला आम्ही तेव्हापासून शिकलो. वखारवाले आधी हसले, मग त्यांनीच माल बाजूला काढून ठेवायला सुरुवात केली.

कार्यक्षमता या शब्दाचाही इथे थोडा बंदोबस्त करतो. मशीन विकणारा वेग सांगतो: सेकंदाला इतके मिलिमीटर. गाळ्यात मोजायची गोष्ट ती नाही. संध्याकाळी सहा वाजता पेटीत किती तुकडे असे आहेत, जे न घासता, न तोडता गिऱ्हाइकाला देता येतात, ते मोजायचं. दोन पास घेऊन स्वच्छ निघणारा तुकडा, एका पासात निघून दहा मिनिटं पॉलिश पेपर मागणाऱ्या तुकड्यापेक्षा स्वस्त पडतो. ट्यूब कायम शेवटच्या टोकावर चालवली की तिचं आयुष्य घटतं. लाकूड नीट निवडलं की पॉवर कमी लागते, काजळी कमी होते, लेन्स टिकते, घासायचा पोरगा मोकळा होतो. या सगळ्याची बचत कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

भिवंडीत हा हिशोब सगळ्यांत कडक चालतो तो डाय-बोर्डच्या कामात. मानकोली, काल्हेर, अंजूरफाट्याच्या गोदामांतून जो माल निघतो तो खोक्यांत भरून निघतो, आणि पुठ्ठ्याचं आकारदार खोकं कापायला साचा लागतो. 18 मिमी जाडीच्या प्लायमध्ये लेझरने चिरा पाडतात आणि त्या चिरांत पोलादी पाती ठोकून बसवतात. लाकडावर लेझर औद्योगिक पातळीवर वापरला जाऊ लागला तो याच कामासाठी, 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये. नेहमीची पात 0.71 मिमी जाड असते. चीर एवढीच हवी, वर आणि खाली सारखी. दशांश मिलिमीटरने रुंद झाली तर पात डगमगते, अरुंद राहिली तर ठोकताना प्लाय फुटतो. शिवाय आतल्या थरात फट असेल, तर तिथे पात अधांतरी राहते आणि हजाराव्या खोक्यानंतर हलायला लागते. म्हणून डायवाले महागडा, अनेक पातळ थरांचा, फटी नसलेला प्लाय मागवतात. मखरवाल्याला जो फरक डोळ्यांनी दिसतो, तो डायवाल्याला पैशाच्या पाकिटात दिसतो.

*

लाकूड ओळखून काम नेमणं ही या भागाला नवी गोष्ट नाही. 1657मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, आणि मराठ्यांच्या आरमाराची जहाजबांधणी याच खाडीच्या परिसरात सुरू झाली. जहाजाचा तळ, डोलकाठी, फळ्या यांना एकच लाकूड चालत नाही, हे त्या सुतारांना कुणी तक्त्यातून शिकवलेलं नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग वगैरे लाकूड परवानगीने तोडावं आणि रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे. कुठलं झाड कशासाठी, हा प्रश्न तेव्हा राज्यकारभाराचा होता.

पुढे त्या ज्ञानाला मोजमाप मिळालं. 1906 साली देहरादूनला वन संशोधन संस्था उभी राहिली. भारतातल्या लाकडांची घनता, आकसणं, ताकद तिथे चाचण्या करून नोंदली गेली. तिथल्याच कामातून 1932 साली पिअर्सन आणि ब्राउन यांचा भारतीय व्यापारी लाकडांवरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. ही सगळी माहिती करवत, रंधा आणि खिळा डोळ्यांसमोर ठेवून जमवलेली आहे. पण लेझरवाल्याला ती टाकाऊ नाही. घनता तीच, ओलावा तोच. फक्त ते आकडे आपल्या कामाच्या नजरेने वाचावे लागतात. हे पुस्तक बऱ्याच अंशी असं वाचून दाखवणं आहे.

पुस्तकाचे पाच भाग आहेत, वरच्या पाच उत्तरांना धरून. प्रत्येक भागात आधी लाकडाचा गुण, मग तो गाळ्यात कसा ओळखायचा, आणि शेवटी त्याला कसं उत्तर द्यायचं, असा क्रम ठेवला आहे. वजनकाटा, व्हर्नियर, टॉर्च आणि घरातला ओव्हन एवढ्यावर सगळ्या चाचण्या होतात. मशीनचे ब्रँड, सॉफ्टवेअरचे पडदे, किमती यांत मी शिरलो नाही. त्या दर वर्षी बदलतात, साग बदलत नाही.

सुरक्षिततेचं प्रकरण वेगळं काढलेलं नाही, ते प्रत्येक भागात विखुरलं आहे, कारण धोका मालागणिक वेगळा असतो. दोन गोष्टी मात्र इथेच सांगतो. पीव्हीसीचा पापुद्रा चढवलेला बोर्ड आणि औषध मारलेलं लाकूड लेझरखाली घालायचं नाही. पीव्हीसीतून क्लोरीनयुक्त वायू निघतो, जो फुप्फुस आणि मशीन दोन्ही खातो. औषध मारलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं. आणि मशीन चालू असताना चहाला जायचं नाही. गोदामांच्या गावात आग म्हणजे काय, हे भिवंडीकराला वेगळं सांगायची गरज नाही.

ज्यांनी मला शिकवलं त्यांतल्या बहुतेकांनी लेझर कधी चालवला नव्हता: वखारीतले हमाल, जे शीट उचलतानाच जड की हलकी ते सांगतात, देवघरं करणारे म्हातारे सुतार, डाय ठोकणारे कारागीर. आणि माझ्या गाळ्यातली मुलं, ज्यांनी माझ्या चुका कापून दाखवल्या. वडिलांनी पुस्तकाचा कच्चा मसुदा वाचला आणि एकच शेरा दिला: "हात लावून बघायला सांग." तो शेरा मी पुस्तकभर पाळायचा प्रयत्न केला आहे.

शेवटच्या पानावर एक तक्ता छापला आहे, पूर्ण कोरा. मशीनसोबत येणाऱ्या तक्त्यात जे रकाने असतात ते त्यातही आहेत. त्यांच्या आधी चार रकाने मी वाढवले आहेत: कुठली वखार, शीटचं वजन, ओलावा, तारीख. ते चार भरल्याशिवाय पॉवर आणि स्पीडच्या रकान्यात काही लिहू नये. आणि लिहायचं ते पेन्सिलीने लिहावं. मे महिन्यात भरलेले आकडे श्रावणात खोडावे लागतील.

भिवंडी,
गुढीपाडवा